छापखान्याच्या ओडीवर शुल्कं का वाढत गेली आणि ते कर्ज कसं हलवलं: एक प्रकरण

हे प्रकरण २०२४-२५ या आर्थिक वर्षातलं आहे. एक छोटा छापखाना, मालक एकटेच, हाताखाली पाच माणसं. बँकेत १० लाख रुपयांची ओव्हरड्राफ्टची (ओडी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत खात्यातून लागेल तशी उचल करता येणारं कर्ज) मर्यादा, माल आणि येणी तारण, शिवाय छापखान्याची जागा गहाण. ओळख पटू नये म्हणून व्यवसायाचे तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत, पण खात्यात जे ज्या क्रमानं घडलं तो क्रम तसाच ठेवला आहे.

मालक मार्चअखेर माझ्याकडे आले तेव्हा त्यांची तक्रार एकच होती. "व्याज तर मी भरतोय. मग दर महिन्याला हे वरचं काय कापून घेतात? मागच्या वर्षी एवढं नव्हतं." शाखेत विचारलं की काउंटरवरून उत्तर मिळायचं, "सिस्टीमनं कापलंय." या उत्तरानं माणूस गप्प बसतो आणि तिथंच नुकसान सुरू होतं. प्रत्येक कापलेल्या रकमेमागे कर्जकरारातली एखादी अट असते, आणि ती कुठली हे विचारायचा कर्जदाराला पूर्ण हक्क आहे.

उतारा काय सांगत होता

ऑक्टोबर ते मार्च असा सहा महिन्यांचा खातेउतारा छापून घेतला आणि नावे पडलेल्या प्रत्येक रकमेसमोर तिचं कारण पेन्सिलीनं लिहून काढलं. हे काम कंटाळवाणं असतं, पण त्याला पर्याय नाही.

थकीत रक्कम, म्हणजे बँकेचं एकूण देणं, साधारण ९,८०,००० च्या आसपास होती आणि दर ११.५० टक्के. म्हणजे रोजचं व्याज ३०९ रुपये आणि सहा महिन्यांचं सुमारे ५६,०००. आता व्याजाखेरीजच्या नोंदी पाहू. स्टॉक स्टेटमेंट (माल, येणी आणि देणी यांचं बँकेला द्यायचं मासिक पत्रक) वेळेत न दिल्याबद्दल चार महिने हजार-हजार, म्हणजे ४,०००. मर्यादेबाहेर उचल झाल्याबद्दल १,४६०. जानेवारीअखेर नूतनीकरण न झाल्यामुळे फेब्रुवारी आणि मार्चमध्ये संपूर्ण थकीत रकमेवर वार्षिक २ टक्क्यांनी ३,१६८. या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी, १,५५३. शिल्लक नाही म्हणून परत गेलेले नऊ हप्ते आणि चेक, प्रत्येकी ५००, म्हणजे ४,५००. शाखेच्या माल-तपासणीचे १,२००.

बेरीज १५,८८१. छपाईयंत्राचं कर्ज दुसऱ्या वित्तसंस्थेकडे होतं. परत गेलेल्या नऊपैकी पाच हप्ते त्या कर्जाचे, आणि त्या संस्थेनं आपल्या बाजूनं दर वेळी ६०० लावले होते. ते धरून १८,८८१. व्याजाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम निव्वळ शुल्कांत गेली होती आणि मुद्दल एक रुपयानंही कमी झालं नव्हतं.

यादी समोर ठेवल्यावर मालक सर्वांत मोठ्या आकड्याकडे, परत गेलेल्या हप्त्यांकडे, बोट दाखवत होते. मला मात्र त्यातला एक छोटा आकडा जास्त काळजीचा वाटला: मर्यादेबाहेरच्या उचलीचे १,४६०. त्यातले जेमतेम १८० रुपये ऑक्टोबर ते जानेवारीचे होते. महिनाअखेर व्याज नावे पडलं की खातं दोन-चार दिवस १० लाखांच्या वर जायचं, त्याचे हे पैसे. उरलेले १,२८० फक्त १४ फेब्रुवारीनंतरचे होते. त्या दिवशी खात्यात कुठलीही मोठी उचल झालेली नव्हती.

१४ फेब्रुवारीला काय झालं

ओडी १० लाखांची आहे म्हणजे १० लाख वापरता येतात, असं जवळजवळ प्रत्येक छोटा व्यावसायिक धरून चालतो. माल आणि येणी तारण ठेवून घेतलेल्या ओडीत तसं नसतं. मंजूर मर्यादा ही वरची सीमा झाली. प्रत्यक्षात किती उचलता येईल हे ड्रॉइंग पॉवर ठरवते, आणि ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते. हातातला माल अधिक चालू येणी, त्यातून पुरवठादारांची देणी वजा, आणि उरलेल्या रकमेतून बँकेचं मार्जिन, म्हणजे ज्यावर बँक कर्ज देत नाही तो वाटा, वजा. इथं मार्जिन २५ टक्के होतं.

मर्यादा मंजूर झाली तेव्हा माल ५,००,०००, येणी ९,५०,००० आणि देणी १,००,००० होती. साडेतेरा लाखांचे ७५ टक्के १०,१२,५०० होतात, म्हणजे पूर्ण १० लाख मोकळे. जानेवारी २०२५ अखेरच्या स्टेटमेंटमध्ये माल ३,६०,००० वर आला होता, देणी १,२०,००० झाली होती, आणि येणी तर वाढून ११,४०,००० झाली होती. मालकांना वाटलं, येणी वाढली म्हणजे ड्रॉइंग पॉवर वाढणार. पण ९० दिवसांहून जुनी येणी बँक मोजत नव्हती, आणि ११,४०,००० मधली ४,२०,००० तशी जुनी होती. राहिली ७,२०,०००. हिशेब करा: ३,६०,००० अधिक ७,२०,००० वजा १,२०,००० म्हणजे ९,६०,०००. त्याचे ७५ टक्के ७,२०,०००.

हे स्टेटमेंट शाखेनं १४ फेब्रुवारीला संगणकात भरलं आणि त्याच क्षणी खातं २,६०,००० रुपयांनी मर्यादेबाहेर गेलं. मालकांनी त्या दिवशी एक रुपयाही काढला नव्हता. पण तिथून पुढं खात्यात उपलब्ध शिल्लक शून्य, म्हणून हप्ते परत, म्हणून दोन्हीकडची शुल्कं. ग्राहकाची थकलेली बिलं शेवटी ओडीच्या उताऱ्यात शुल्क होऊन उतरतात, ती अशी.

हप्ते परत जायला लागले तेव्हा मालकांनी एक उपाय केला होता, जो अशा वेळी बरेच जण करतात. ग्राहकांचे येणारे पैसे ते दुसऱ्या बँकेतल्या बचत खात्यात घ्यायला लागले होते. "इथं टाकले की गायब होतात," असं त्यांचं म्हणणं, आणि पगार थांबवायचा नव्हता म्हणून केलं हे समजण्यासारखं आहे. पण यानं खातं आणखी खोल जातं. रिझर्व्ह बँकेच्या निकषांप्रमाणे ओडी खात्यातली थकीत रक्कम मंजूर मर्यादा किंवा ड्रॉइंग पॉवर यांच्याबाहेर सलग ९० दिवस राहिली तर खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए ठरतं. मर्यादेच्या आत असलं तरी ९० दिवस जमाच नसेल, किंवा झालेल्या जमेतून त्या काळातलं व्याजही भागत नसेल, तरी तेच. त्याआधी ३० दिवस उलटले की एसएमए-१ आणि ६० उलटले की एसएमए-२ अशी नोंद, म्हणजे एनपीएआधीची धोक्याची खूण, होते. आम्ही हिशेब करत होतो ३१ मार्चला, म्हणजे ४५ दिवस होऊन गेले होते. ९० वा दिवस १५ मेला येत होता.

म्हणून शुल्कांची भांडणं दुसऱ्या नंबरवर ठेवली. पहिलं काम ठरलं १५ मेच्या आत २,६०,००० चा खड्डा भरून काढणं, आणि ग्राहकांचा सगळा पैसा त्याच दिवसापासून पुन्हा ओडी खात्यात घेणं. पगारापुरती उचल करू द्यावी असं पत्र शाखाधिकाऱ्यांना दिलं, सोबत वसुलीची तारखांसह यादी जोडली. त्यांनी ते मान्य केलं. अडचणीतला कर्जदार तोंड लपवतो, तेव्हा बँकेकडे दार लावून घेण्याखेरीज काही उरत नाही. समोर येऊन कागद ठेवला तर शाखाधिकाऱ्यालाही वरच्या कार्यालयात काहीतरी दाखवता येतं.

जुनी येणी

४,२०,००० पैकी २,७५,००० एकाच खासगी कंपनीकडे अडकले होते. माहितीपत्रकांचं काम, माल पोचल्याची सहीशिक्क्याची चलनं जागेवर, तक्रार काहीही नाही. फक्त "पुढच्या आठवड्यात करतो साहेब," एवढंच. मालकांना कायद्याची भाषा काढायची भीती होती, कारण गिऱ्हाईक तुटेल.

मालकांची उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी) २०२१ पासूनची होती, म्हणजे ही बिलं होण्याच्या बरीच आधीची. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे देण्यासाठी २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं कमाल ४५ दिवसांची मुदत घातली आहे. त्यापुढं गेलं तर खरेदीदारावर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ४३बी(एच) कलमामुळे २०२३-२४ पासून मुदतीबाहेर थकवलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजाही मिळत नव्हती. आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत उपयोगी गोष्ट: कंपन्यांना ४५ दिवसांपुढच्या अशा थकबाकीचं अर्धवार्षिक विवरण कंपनी निबंधकांकडे द्यावं लागतं, त्यातल्या एकाची तारीख ३० एप्रिल.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पत्र गेलं. त्यात धमकी नव्हती. बिलांची यादी, उद्यम क्रमांक, ४५ दिवसांच्या तारखा, तोपर्यंत झालेलं व्याज वेगळं दाखवलेलं, आणि शेवटी एक वाक्य: मुद्दल दोन हप्त्यांत एप्रिल व मे महिन्यात मिळाल्यास व्याजाची मागणी करणार नाही. पत्र खरेदी विभागाऐवजी लेखा विभागाला पाठवलं, कारण विवरण तिथं तयार होतं. एप्रिलमध्ये १,७५,००० आले आणि मेमध्ये १,००,०००. अशा थकबाकीच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज करायची वेळ आली नाही, आणि त्या कंपनीचं काम आजही छापखान्याकडे आहे.

उरलेल्या १,४५,००० च्या किरकोळ येण्यांत मालकांनी स्वतः फिरून, काही ठिकाणी सूट देऊन, ९५,००० वसूल केले. ५०,००० बुडाले असं धरलं. ते मान्य करायला त्यांना सर्वांत जास्त त्रास झाला, कारण त्यातलं एक बिल जवळच्या नात्यातलं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात खातं ड्रॉइंग पॉवरच्या आत आलं. एसएमए-२ ला मात्र स्पर्श करून आलं.

बँकेला पत्र

शुल्कांबद्दलचं पत्र लेखीच दिलं आणि पोच घेतली. यात तीन मुद्दे होते.

पहिला मुद्दा चार महिन्यांच्या स्टॉक स्टेटमेंटचा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची स्टेटमेंटं मालकांनी दिली होती, शाखेच्या आवक शिक्क्याच्या प्रती त्यांच्या खणात सापडल्या. दुसरा नूतनीकरणाचा: ताळेबंद आणि विवरणपत्रं डिसेंबरातच शाखेत पोचली होती, फाइल तिथंच पडून होती, त्याचा दंड कर्जदारावर का? तिसरा मुद्दा नियमांचा. रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ ला दंडाबाबत परिपत्रक काढलं. त्यानुसार दंड हा दंडात्मक शुल्क म्हणूनच लावायचा, व्याजदरात मिसळायचा नाही, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज आकारायचं नाही. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून आणि जुन्या कर्जांना जास्तीत जास्त ३० जून २०२४ पासून लागू झालं. इथं दंडाची रक्कम थेट ओडीच्या थकबाकीत मिळवली गेली होती, म्हणजे तिच्यावर रोज व्याज चालू होतं. शिवाय या दंडात्मक शुल्कांवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा अप्रत्यक्ष कर मंडळानं २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानं केला होता, तरी मार्चपर्यंत कर कापला जात होता.

पत्राखाली लिहिलं होतं की ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार करू. त्या तक्रारीला फी नव्हती आणि वकीलही लागत नव्हता. तिथवर जावं लागलं नाही. बँकेनं दोन स्टेटमेंटांचे २,००० आणि त्यावरचा ३६० कर, नूतनीकरणाच्या दंडाचे ३,१६८, आणि फेब्रुवारी-मार्चच्या दंडांवरचा ८०१ रुपये जीएसटी परत केला. एकूण ६,३२९. शुल्कांवर चढलेलं व्याजही वळतं केलं, पण ती रक्कम किरकोळ होती. जानेवारीपर्यंतचा उरलेला कर सरकारजमा झाला आहे म्हणून परत करता येणार नाही, असं उत्तर आलं. त्यावर वाद घालता आला असता. नूतनीकरण तोंडावर होतं, म्हणून आम्ही सोडून दिलं. हप्ते परत गेल्याचे ४,५०० मागितलेच नाहीत, कारण शिल्लक खरोखरच नव्हती.

जो भाग कधी हललाच नाही

मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथं सांगायची आहे. मागच्या बारा महिन्यांत खात्यावरची थकबाकी दर महिन्यात कमीत कमी किती होती, ते काढलं. ओडीचा अर्थच असा की पैसा आला की थकबाकी उतरावी, कागद घेतला की चढावी. या खात्यात ती ७,९०,००० च्या खाली एकदाही उतरली नव्हती. वर चढ-उतार चालायचे ते उरलेल्या दोन लाखांत. म्हणजे १० लाखांच्या मर्यादेतले जवळपास आठ लाख खेळतं भांडवल राहिलेच नव्हते. ते दीर्घ मुदतीचं कर्ज झालं होतं, फक्त त्याला हप्ता नव्हता.

हे आठ लाख तळाशी बसले कसे? ३,७०,००० हे नंतर वसूल झालेल्या जुन्या येण्यांचे होते. दोन वर्षांपूर्वी यंत्र घेताना स्वतःच्या वाट्याचे ३,२०,००० मालकांनी ओडीतून भरले होते. तेव्हा कुणी हटकलं नाही. आणि उरलेले लाखभर घरखर्चाच्या उचलीतून, नफ्यापेक्षा थोडी-थोडी जास्त उचल करत साठलेले.

यंत्र आठ-दहा वर्षं कमावून देणार आणि त्याचे पैसे मात्र कधीही परत मागता येतील अशा खात्यातून. ओडीला हप्ता नसल्यामुळे तिथं मुद्दल फेडायची सक्ती नसते, आणि सक्ती नसली की तंगीच्या धंद्यात मुद्दल फिटत नाही. मालक आळशी किंवा उधळे होते म्हणून हे झालं नाही. ते सकाळी आठला शटर उघडणारे गृहस्थ आहेत.

७,९०,००० मधून वसुलीचे ३,७०,००० वजा जाता ४,२०,००० राहिले. एवढा भाग वेगळा काढून त्याचं मुदतकर्ज करावं आणि ओडीची मर्यादा खाली आणावी, असा अर्ज नूतनीकरणाच्या वेळी दिला. अर्जाची वेळ मुद्दाम मेअखेरची धरली. खातं अडचणीत असताना मुदत वाढवून घेतली तर ती पुनर्रचना ठरून खात्याचा दर्जा घसरू शकतो. खातं नियमित झाल्यावर, गरजेचा नव्यानं आढावा म्हणून हीच मागणी केली की चित्र बदलतं.

मालकांनी मध्येच आणखी दोन वाटा सुचवल्या. एक मोबाइल ॲपवरचं झटपट कर्ज. त्याला मी स्पष्ट नाही म्हटलं. दुसरी, खातं उचलून दुसऱ्या बँकेत नेणं, जी अर्धा टक्का कमी दर देत होती. प्रक्रिया शुल्क, जागेच्या गहाणखताचे मुद्रांक आणि मूल्यांकन यांचा खर्च मांडला तर दोन वर्षांची बचत त्यातच जात होती. त्याऐवजी आहे त्याच बँकेला दर विचारला. खातं जुन्या एमसीएलआरला, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणाऱ्या दराला, जोडलेलं होतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची नवी तरत्या दराची कर्जं बाह्य मानदंडाला, म्हणजे रेपोसारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दराला, जोडावी लागतात, आणि २०२५ च्या फेब्रुवारी, एप्रिल व जून या तीन पतधोरणांत मिळून रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) एक टक्क्यानं उतरला होता. नूतनीकरणात खातं रेपोला जोडून घेतलं आणि दर ११ टक्के झाला.

जूनमध्ये मंजुरी आली. ४,२०,००० चं मुदतकर्ज, ३६ हप्ते, हप्ता १३,७५०. ओडीची मर्यादा ३,५०,०००, त्यात त्या वेळी वापर १,९०,०००. मालकांना हप्त्याचा आकडा पाहून धक्का बसला. म्हणून तुलना मांडली. तीन वर्षांत मुदतकर्जाचं एकूण व्याज सुमारे ७५,००० होतं आणि शेवटी कर्ज शून्य. तेच ४,२०,००० ओडीत पडून राहिले असते तर तीन वर्षांत १,३८,६०० व्याज आणि शेवटी ४,२०,००० जागच्या जागी. आधी व्याज आणि शुल्कं मिळून महिन्याला सरासरी सुमारे १२,५०० जात होते. आता हप्ता आणि ओडीचं व्याज मिळून १५,५०० जाणार होते. म्हणजे महिन्याला तीन हजार जास्त शोधायचे होते.

ते घरखर्चाच्या उचलीतून आले. मालक आणि त्यांच्या पत्नी दोघं बसले, आणि लागेल तसं काढण्याऐवजी महिन्याच्या १५ तारखेला एकच ठरलेली रक्कम घरी न्यायची असं ठरलं. हिशेबाची वही तेव्हापासून वहिनींच्या हातात आहे, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत टिकाऊ बदल तोच आहे.

आताची स्थिती

ग्राहकांचे पैसे १० ते १५ तारखेदरम्यान येतात आणि यंत्राचा हप्ता ५ तारखेला होता. वित्तसंस्थेकडे नवा मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी) देऊन तो १८ तारखेला नेला. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याच्या ७ तारखेच्या आत, येण्यांच्या वयवार यादीसह जातं, आणि शिक्क्याची प्रत फाइलला लागते. ६० दिवस उलटलेल्या प्रत्येक बिलावर लाल खूण करून फोन होतो, म्हणजे ते ९० दिवसांत पोचून ड्रॉइंग पॉवरमधून बाहेर पडण्याआधी हातात महिनाभर असतो. नव्या कामाला ४० टक्के आगाऊ घेतात. त्यामुळे दोन जुनी गिऱ्हाइकं गेली.

डिसेंबर २०२५ अखेर सहा हप्ते झाले, मुदतकर्ज ३,५९,००० च्या आसपास आलं आहे. ओडीवर सप्टेंबरात एकदा हप्ता परत गेला, ५०० रुपये लागले, तेवढंच. क्रेडिट अहवालातली एप्रिलची नोंद अजून दिसते आणि काही काळ दिसत राहील. मालकांना आता कटिंग मशीन घ्यायचं आहे. त्यासाठी मुदतकर्जाचा वेगळा प्रस्ताव तयार होतोय, स्वतःच्या वाट्याची रक्कम ते आवर्ती ठेवीत जमवताहेत आणि ती पुरी झाल्याशिवाय कोटेशन मागवायचं नाही असं दोघांनी ठरवलं आहे.